मुख्याध्यापक संघाने निवेदनापुरते राहावे की चौकशीतही उतरावे?

धागाकर्ता – मुख्याध्यापक, सातपूर

जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत मुख्याध्यापक असलेल्या माझ्या मित्राला गेल्या महिन्यात, शनिवारी शाळा सुटता सुटता, संस्थेकडून आरोपांचे पत्र मिळाले. खुलाशाला सात दिवस. एक आरोप असा, की पोषण आहाराच्या साठा नोंदवहीत तांदळाच्या रकान्यात दोन ठिकाणी खाडाखोड आहे. त्याने तिथल्या तिथे संघाच्या पदाधिकाऱ्यांना फोन लावला. "सर, सोमवारी शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन देऊ," असे उत्तर मिळाले. सोमवारी निवेदन दिले गेले, त्याचा फोटो गटावर आला, आणि चौकशी आपल्या वाटेने पुढे सरकत राहिली.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली आपल्यापैकी बहुतेकांनी संकट दारात आल्यावरच उघडली असेल. तिच्यातील ३६ व्या नियमाप्रमाणे मुख्याध्यापकाची चौकशी तीन जणांची समिती करते. त्यांपैकी एक खुद्द संस्थेचे अध्यक्ष असतात, दुसरा सदस्य राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांमधून अध्यक्षच निवडतात, आणि तिसरा मुख्याध्यापकाने कोणत्याही खाजगी शाळेच्या कर्मचाऱ्यांमधून सुचवायचा असतो. हे नाव १५ दिवसांत कळवले नाही, तर समिती उरलेल्या दोघांचीच होते. म्हणजे ज्याच्या नोकरीचा प्रश्न आहे त्याच्या हाती एकच खुर्ची आहे, आणि तीही बहुधा रिकामी राहते, कारण दुसऱ्या संस्थेच्या अध्यक्षांसमोर बसायला सहसा कोणी धजावत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की संघाने प्रत्येक तालुक्यात नियमावली वाचलेल्या आणि अशा समितीवर बसण्याची तयारी असलेल्या चार-पाच जणांची यादी ठेवावी, आणि त्यांच्या प्रवासखर्चाची सोय वर्गणीतून करावी. सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे शाळाशाळांत वेळेवर पोहोचवणे हे चांगलेच काम आहे. पण केवळ त्यासाठी संघ लागतो असे मला वाटत नाही.

संस्थाचालक, निफाड

मुख्याध्यापकांविषयी पूर्ण आदर राखून विरोध नोंदवतो. शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिणारा, रजा मंजूर करणारा, हजेरीपत्रकावर शेवटची सही करणारा माणूस उद्या कारवाईची वेळ आली की "मी कर्मचारी आहे आणि माझी संघटना माझ्यामागे आहे" असे म्हणू लागला, तर शाळेत संस्थेच्या वतीने उत्तर कोण देणार? संघाने भांडावे, जरूर भांडावे, पण शासनाशी. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने शिपायांची नियमित पदे जाऊन त्यांच्या जागी ठोक भत्ता आला. आज कित्येक शाळांत घंटा कोण वाजवणार इथपासून प्रश्न आहे. विद्यार्थिसंख्येवरून पदे ठरवणारी संच मान्यता आहे, वेतनेतर अनुदान आहे. या विषयांवर संस्था आणि मुख्याध्यापक एकाच बाजूला उभे आहेत, आणि तिथेच संघाची ताकद लागली पाहिजे. आमच्या दोघांत भिंत उभारून कोणाचेच भले होणार नाही.

पालक, गंगापूर रोड

मला भीती वेगळी वाटते. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर आम्ही पालक मुख्याध्यापकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. हाताखालच्या माणसाने केलेला असा गुन्हा दडवून ठेवणाऱ्या संस्थाप्रमुखाला पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे, ती उगीच नाही. अशा प्रकरणात संघाचा माणूस समितीत बसून सारवासारव करू लागला, तर आम्ही कोणाकडे जायचे?

निवृत्त मुख्याध्यापक, सिडको

पालकांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे, पण पोलिसांचा तपास वेगळा आणि ही खातेनिहाय चौकशी वेगळी. समितीत कोणीही बसला तरी पोलिसांचे काम थांबत नाही.

निफाडच्या साहेबांना मात्र एक अनुभव सांगतो. अशा एका समितीवर एका मुख्याध्यापिकेने माझे नाव दिले होते. बैठक शाळेत होईल असे मी धरून चाललो होतो. ती अध्यक्षांच्या बंगल्यावर झाली. चहा-पोहे झाले, आणि मग माझ्यासमोर तीन बैठकांचे टंकलिखित इतिवृत्त सहीसाठी आले. प्रत्यक्षात बैठक ती एकच, पहिली. मी सही केली नाही आणि माझे भिन्न मत दोन पानांत लिहून दिले. पुढे बाईंनी बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील केले, तेव्हा तीच दोन पाने उपयोगी पडली. भिंत मी उभारली नव्हती, ती आधीच होती. अपिलाची मुदत ३० दिवसांची असते, हेही बाईंना माझ्याकडूनच कळले. खरे तर ते त्यांना संघाकडून कळायला हवे होते.

आपल्या लोकांनाही दोन शब्द सुनावतो. संघाच्या सभेला मुख्याध्यापक स्वतः येत नाहीत, पर्यवेक्षकाला पाठवतात. उद्या यादी केलीत, तरी सुरगाण्याहून नाशिकला चौकशीसाठी चार खेपा घालायला तुमच्यातले किती जण तयार आहेत?

धागाकर्ता

निफाडच्या साहेबांचे शिपाई पदांबाबतचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्या मोर्चात मी त्यांच्या शेजारी चालेन. पण समितीतील तिसरा सदस्य ही नियमानेच दिलेली जागा आहे; ती भरल्याने संस्थेविरुद्ध बंड कसे होते, ते मला अजून समजलेले नाही. पालकांना एवढेच सांगतो, की खरा दोषी असेल तर तीन सह्यांचा अहवाल अपिलात दोन सह्यांच्या अहवालापेक्षा अधिक टिकेल.

माझ्या मित्राची १५ दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. सिन्नरच्या एका सरांनी तोंडी होकार दिला आहे, पण लेखी संमती देण्याआधी त्यांना त्यांच्या अध्यक्षांना विचारायचे आहे. या धाग्यावर कोणी तयार असेल, तर बुधवारपर्यंत मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.