तिसरीला सस्तन प्राणी संगणकावर शिकवताना चित्रांच्या जोड्यांपलीकडे काय करता येईल?

प्रश्न – कळव्याची शिक्षिका

नमस्कार. मी ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. परिसर अभ्यासातील प्राण्यांच्या भागाला जोडून सस्तन प्राण्यांची ओळख संगणक कक्षात करून द्यावी, असे यंदा ठरले आहे. संगणक जुने आहेत, एकेका संगणकासमोर तिघे बसतात आणि इंटरनेट चालेलच याची खात्री नसते. त्यामुळे जे करायचे ते आधी उतरवून घ्यावे लागेल किंवा स्वतःच तयार करावे लागेल.

तयार मिळणारे बरेच खेळ मी पाहिले. बहुतेकांत प्राण्याचे चित्र ओढून चौकटीत टाकायचे असते. चौकट चुकली की आवाज होतो आणि चित्र मूळ जागी परत जाते. मुले आवाज झाल्याबरोबर दुसरी चौकट निवडतात, त्यामुळे सगळी चित्रे लवकरच बरोबर बसतात. मात्र वटवाघूळ सस्तन प्राण्यांत का ठेवले, असे विचारले की ‘तिथे आवाज आला नाही म्हणून’ असे उत्तर मिळते. ज्याला चार पाय तो सस्तन, ही समजूत खेळानंतरही तशीच राहते. मुलांना कारण सांगावे लागेल अशी कोणती कृती संगणकावर करून घेता येईल? अंडी घालणाऱ्या प्लॅटिपससारखे अपवाद या वयात सांगावेत की नाहीत, याविषयीही आपली मते हवी आहेत.

उत्तर – वाशीकर (निवृत्त शिक्षक)

ताई, माझ्या मते चित्रे ओढण्याच्या आधी एक तास तक्त्याला द्यावा. स्प्रेडशीटमध्ये डावीकडे प्राण्यांची नावे आणि वरच्या ओळीत प्रश्न लिहावेत: चार पाय आहेत का, अंगावर केस आहेत का, अंड्याऐवजी थेट पिल्लू जन्मते का, आई पिल्लाला दूध पाजते का. हा तक्ता प्रोजेक्टरवर सर्वांसमोर ठेवावा. प्रत्येक रकान्यात ‘हो’ की ‘नाही’ हे वर्गाने सांगावे आणि एका विद्यार्थ्याने ते टंकित करावे. मतभेद झाला तर रकाना रिकामा ठेवून पुढे जावे. रिकामे रकाने पुढच्या तासापर्यंत घरी विचारून किंवा पुस्तकात पाहून भरून आणायला सांगावेत.

प्राण्यांची निवड मात्र फार विचारपूर्वक करावी लागते, कारण सगळा धडा तिच्यावरच उभा आहे. गाय आणि मांजर यांच्याबरोबर पाल, बेडूक, कबूतर, वटवाघूळ, डॉल्फिन, घोणस, गप्पी मासा आणि माणूस ही नावे अवश्य घ्यावीत. तक्ता भरला की फिल्टर लावावा. ‘चार पाय’ याखाली ‘हो’ निवडले की पाल आणि बेडूक गाईशेजारी येऊन बसतात, तर वटवाघूळ, डॉल्फिन आणि माणूस दिसेनासे होतात. मग मुले दुसरी कसोटी सुचवतात, आणि ती बहुधा थेट पिल्लू जन्मण्याची असते. ती लावली की डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्यात सोडतात तो गप्पी मासा आणि घोणस हा साप असे दोघेही यादीत येतात, कारण दोघेही अंडी न घालता जिवंत पिल्लांना जन्म देतात. तिथे वर्ग थबकतो, आणि शिक्षकाने त्या वेळी बोलू नये. दुधाचा रकाना निवडला की गाय, मांजर, वटवाघूळ, डॉल्फिन आणि माणूस एवढेच उरतात. फळ्यावर हे दाखवायचे तर दर वेळी पुसून नव्याने लिहावे लागते. इथे मुलाने सुचवलेली कसोटी त्याच क्षणी लावून पाहता येते. संगणक कक्षात जाण्याचे प्रयोजन मला एवढ्यातच दिसते. रंगीत चित्रे तर पुस्तकातही असतात.

केसांच्या रकान्यात डॉल्फिनपाशी मुले ‘नाही’ म्हणतील. बहुतेक जातींच्या डॉल्फिनना जन्माच्या सुमारास तोंडाच्या टोकावर मोजके केस असतात, हे सांगून तिथे ‘हो’ करावे. उष्ण रक्त आणि फुप्फुसे यांचे रकाने मी मुद्दाम ठेवत नाही, कारण पक्षीही उष्ण रक्ताचेच असतात आणि पक्ष्यांना व पालीलाही फुप्फुसे असतात.

उत्तर – ऐरोलीचा संगणक शिक्षक

वाशीकर सरांचा तक्ता चांगला आहे, पण तो एकाच पडद्यावर चालतो आणि बाकीचे संगणक रिकामे राहतात. तक्त्यानंतर चित्रे ओढण्याची कृती ठेवायला हरकत नाही; फक्त ती स्वतः तयार करावी आणि तिच्यातून आवाज काढून टाकावा. स्लाइड तयार करण्याचे लिब्रेऑफिस इम्प्रेस विनामूल्य मिळते आणि इंटरनेटशिवाय चालते. स्लाइड शो सुरू केला की चित्रे हलवता येत नाहीत, म्हणून मुलांना फाइल संपादनाच्याच स्थितीत उघडून द्यावी. चौकटी आणि त्यांची शीर्षके मास्टर स्लाइडवर (सर्व स्लाइडांमागच्या साच्यावर) ठेवावीत, म्हणजे ओढताना चित्राऐवजी चौकटच सरकली असे होत नाही. फाइल टेम्प्लेट म्हणून जतन केली तर दर वेळी नवी कोरी प्रत उघडते आणि मूळ फाइल शाबूत राहते. प्रत्येक चित्राखाली ‘कारण’ असा छोटा मजकूर चौकोन द्यावा. तिसरीच्या मुलांना मराठी टंकलेखन जड जाते, त्यामुळे ‘दूध’, ‘केस’, ‘पिसे’, ‘खवले’ अशा शब्दांच्या तयार पट्ट्या बाजूला ठेवून त्याच ओढायला लावाव्यात. तिघांपैकी एकाने माउस धरावा, दुसऱ्याने कारण सांगावे, तिसऱ्याने हरकत घ्यावी आणि दर काही चित्रांनंतर जागा बदलाव्यात.

वटवाघळासाठी एक वेगळी कृती सुचवतो. माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख यांच्या हाडांची रेखाचित्रे पेंटमध्ये शेजारी शेजारी ठेवावीत आणि दोन्हींमधल्या एकाच बोटाला एकच रंग भरायला सांगावा. आखूड अंगठा मोकळा असतो आणि उरलेल्या चार लांब बोटांवर पडदा ताणलेला असतो, हे रंग भरता भरता लक्षात येते. रेषा कुठेही तुटलेली नसेल हे आधी तपासावे, नाही तर रंग सगळ्या पानावर पसरतो आणि मुलांना तेच जास्त आवडते!

मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे स्क्रॅच ८ ते १६ वर्षांच्या वयोगटासाठी आहे, म्हणजे तिसरीची मुले त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या धड्यासाठी ते आत्ताच शिकवायला घेऊ नये.

उत्तर – येऊरवाट

मी मुलांना जंगलवाटांवर घेऊन जातो, म्हणून प्राण्यांच्या निवडीपुरते लिहितो. तयार खेळांत सिंह, जिराफ आणि कांगारूच जास्त असतात. ठाण्यातल्या मुलांना येऊरच्या जंगलातले बिबट्या, चितळ, सांबर, वानर आणि उदमांजर, खाडीकाठच्या खारफुटीतला सोनेरी कोल्हा, आणि घराच्या आसपासची खार, घूस व चिचुंद्री द्यावीत. चिचुंद्री उंदरासारखी दिसत असली तरी ती उंदीर नाही, हे मोठ्यांनाही नवे असते.

सरांच्या तक्त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. ‘दूध पाजते का’ याऐवजी ‘आईच्या स्तनांतून दूध येते का’ असे लिहावे. कबुतराचे नर आणि मादी दोघेही गळ्यातल्या अन्नपिशवीत तयार होणारा दाट स्राव पिल्लांना भरवतात, आणि ठाणे खाडीत येणारे रोहित पक्षीही आपल्या पिल्लांना असाच स्राव देतात. माहितीपटांमध्ये त्याला सर्रास दूध म्हटले जाते. एखाद्या चौकस मुलाने ते पाहिलेले असले, तर तुमचा तक्ता तिथेच कोसळेल.

डॉल्फिनची छोटी चित्रफीत मिळाली तर व्हीएलसी या चित्रफिती चालवण्याच्या प्रोग्रॅममध्ये तिची गती कमी करून माशाच्या चित्रफितीनंतर दाखवा. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते आणि डॉल्फिनची वर-खाली, हे मुलांनी स्वतः ओळखावे.

कळव्याची शिक्षिका

सर्वांची आभारी आहे. दुधाच्या रकान्याचे शीर्षक बदलून घेते. प्लॅटिपसचा प्रश्न मात्र राहिलाच.

वाशीकर

दुरुस्ती मान्य आहे. प्लॅटिपस आणि एकिडना अंडी घालतात आणि तरीही पिल्लांना दूध पाजतात, हे खरे. पण मुलांनी न पाहिलेला दूरदेशीचा प्राणी पहिल्याच तासाला आणला, तर तेवढाच लक्षात राहतो आणि कसोटी मागे पडते. माझे मत, पुढच्या वर्षी सांगावे.

येऊरवाट

या बाबतीत मी सरांशी सहमत नाही. ‘थेट पिल्लू जन्मते’ ही कसोटी गप्पी मासा एका बाजूने मोडतो आणि प्लॅटिपस दुसऱ्या बाजूने. तक्ता भरलेला असताना ही एक ओळ वाढवणे मुलांना जड जात नाही. पडताळणीसाठी मात्र आपल्या कोकणातले खवले मांजर ठेवावे. आधी त्याचे केवळ चित्र दाखवावे, कोणतीही माहिती देऊ नये, आणि प्रत्येक गटाला शिक्षिकेला दोनच प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी. खवले पाहून बहुतेक मुले त्याला सरड्याशेजारी नेतील. पोटावर विरळ केस आहेत का आणि मादी पिल्लाला दूध पाजते का, हे दोन प्रश्न ज्या गटाला सुचतील, त्याला तक्त्यात नवी ओळ भरू द्यावी.