नोकरी गेली की किंमतपण जाते का?
नोकरी गेली की बरेचजण विचारतात, मी कोण हेच कळेनासं झालं तर देवावरच्या विश्वासाचा काय उपयोग? मला बायबलमधलं मार्क 1:11 (मार्कच्या पुस्तकातला अध्याय 1, वचन 11) आठवतं. येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते की तू माझा परमप्रिय पुत्र आहेस, आणि गंमत बघा, मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेत, तोवर त्याने एकही चमत्कार केलेला नाही, शिष्यपण नाहीत, म्हणजे नातं आधी आणि काम नंतर. येशूचा प्रेषित पौल, त्याचा बायोडेटा तर जबरदस्त, इस्राएलातला बन्यामीन वंश, परुशी म्हणजे कडक धर्म पाळणाऱ्या यहुदी पंथातला, मोशेच्या नियमशास्त्रात निर्दोष, फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात सगळं स्वतःच सांगतो आणि त्यालाच केरकचरा म्हणतो. अर्थात 'तू देवाचं लेकरू आहेस' एवढं ऐकवून दुःख जात नाही, चर्चमधले काहीजण घाईघाईत बोलून मोकळे होतात. त्यापेक्षा बायबलमधलं स्तोत्र 13 वाचा, तिथे दावीद राजा सरळ देवालाच विचारतो, मला कुठवर विसरणार म्हणून.