मदत हवी आहे: सर्दीत तोंडाला चव नाही, आणि मीठ वाढवता येत नाही

आईला जोरदार सर्दी झाली आहे. नाक पूर्ण चोंदलंय, घसा खवखवतो, ताप नाही. डॉक्टरांना दाखवलंय, औषधाचा प्रश्न नाही. प्रश्न जेवणाचा आहे: दोन घास खाते आणि ताट बाजूला सारते. म्हणते, सगळं पाणचट लागतं.

कारण कळतं. पदार्थाचा स्वाद बराचसा वासातून येतो आणि वासच बंद आहे. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये असते ती चव) एवढंच उरतं. एरवी मी मीठ वाढवलं असतं, पण तिला बीपी आहे, त्यामुळे ते नाही. पाकिटातली तयार सूपही म्हणूनच बाद, त्यांत मीठ बरंच असतं.

करून पाहिलेलं: भाज्यांचं गरम सूप (वाफेने नाक जरा मोकळं होतं, तेवढ्यापुरतं पिते), आल्याचा काढा, मध घालून कोमट पाणी. तिखट वाढवलं तर चव लागते खरी, पण नाक वाहतं आणि घसा जळजळतो. लिंबू घशाला झोंबतं. कवळी आहे, म्हणून कडक, कुरकुरीत काही चालत नाही. मधुमेह नाही, दूध-अंडी चालतात.

भूक लागेल तेव्हा खाईल, हा सल्ला कृपया नको; वजन आधीच कमी आहे.

तर मीठ-तिखट न वाढवता, घशाला न झोंबता, चोंदलेल्या नाकानेही चव लागेल असं मऊ आणि पोटभरीचं काय करता येईल?