सुशी, साशिमी आणि दुकानातली बोली

प्रश्न : माझी बहीण जपानला जात आहे. तिला कच्चा मासा नको, परंतु सुशी चाखायची आहे. ‘सुशी’ म्हणजे कच्चा मासाच ना? तिथे मागवताना कोणते शब्द वापरावेत?

उत्तर : नाही. ‘सुशी’ हे जुन्या जपानीतले ‘आंबट’ अशा अर्थाचे विशेषण आहे, आणि व्हिनेगर, साखर व मीठ घातलेल्या भाताशिवाय सुशी होत नाही. भाताविना वाढलेल्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. त्यामुळे आपल्या भगिनीने उकडलेल्या कोळंबीची ‘एबी’, शिजवलेल्या समुद्री वामीची ‘आनागो’, अंड्याच्या गोडसर ऑम्लेटची ‘तामागो’ किंवा काकडीची ‘काप्पामाकी’ निःशंकपणे मागवावी. समासात ‘सु’चा ‘झु’ होतो, म्हणून पाट्यांवर ‘माकीझुशी’ (गुंडाळी केलेली), ‘इनारीझुशी’ (टोफूच्या तळलेल्या पिशवीत भात भरलेली) असे दिसेल, पदार्थ सुशीच.

शब्दांबाबत मात्र एक आग्रहाची सूचना करतो. सुशीच्या दुकानांत कारागिरांची स्वतःची बोली असते : सोया सॉसला ‘मुरासाकी’ म्हणजे जांभळा, जेवणाअखेरच्या चहाला ‘आगारी’, बिलाला ‘ओआइसो’. पर्यटकांसाठीच्या याद्यांत हे शब्द हौसेने दिलेले असतात, पण गिऱ्हाइकाने ते वापरू नयेत असे मला वाटते. ‘ओआइसो’मध्ये आदरातिथ्यात काही उणे राहिले असल्यास क्षमा असावी, असा दुकानदाराच्या बाजूचा विनय आहे, तो शब्द पाहुण्याने उच्चारला की अर्थच उलटा होतो. त्याऐवजी ‘शोयु’, ‘ओचा’ आणि ‘ओकाइकेई’ हे रोजचे शब्द पुरेसे आणि अधिक सभ्य आहेत. ‘गारी’, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेले आले, हा शब्द आता सर्वांचाच झाला आहे. ते सुशीवर ठेवायचे नसते, दोन प्रकारांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी खायचे असते. वासाबीचा, म्हणजे सुशीत लावल्या जाणाऱ्या तिखट हिरव्या लगद्याचा, झणका नको असेल तर ‘साबी-नुकी’ म्हणावे.

हाताने वळलेली निगिरी, म्हणजे वर माशाचा काप ठेवलेला भाताचा मुटका, बोटांनी उचलून खाल्ली तरी शिष्टाचाराला धरूनच आहे. सोया सॉसला वरचा मासा टेकवावा, कारण भात बुडवला तर तो सॉस शोषून विस्कटतो.

पुरवणी : बहिणीबरोबर कोणी असेल तर एकमेकींना चव देताना घास चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर देऊ नये, ताटलीत ठेवावा. जपानमध्ये दहनानंतर अस्थी तशा रीतीने उचलून दिल्या जातात, त्यामुळे ते दृश्य तिथल्या माणसांना अस्वस्थ करते. शिवाय बरोबरची व्यक्ती पूर्ण शाकाहारी असेल तर ‘इनारी’ मागवण्यापूर्वी विचारावे. टोफूच्या त्या तळलेल्या पिशव्या पुष्कळदा ‘दाशी’त, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्शात, शिजवतात, आणि दाशी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाची असते. काप्पामाकीत ती अडचण सहसा येत नाही.