‘समान’ प्रशिक्षण की ‘समन्यायी’ प्रशिक्षण?

प्रश्नकर्ती :
शिक्षक-प्रशिक्षणावरच्या एका अहवालाचं मराठी करतेय. मुद्दा असा, की अध्यापक विद्यालयांत सगळ्या थरांतली मुलंमुली यावीत, अर्ध्यात गळू नयेत आणि पात्र होऊन शाळांत लागावीत. मी ‘समान प्रशिक्षण’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘समन्यायी’ केलं. मला तो शब्द फार सरकारी वाटतो. ‘न्याय्य’ चालेल का?

पाटकरी :
सरकारी कसला! आमच्या दुष्काळी पट्ट्यात, आटपाडी-सांगोल्याकडे, ‘समन्यायी पाणीवाटप’ ही मोर्च्यातली घोषणा आहे. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचा वाद पेटला की हाच शब्द पेपरात दिसतो. समान म्हणजे सगळ्यांना सारखं. समन्यायी म्हणजे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेल अशा बेतानं वाटणं. तुमच्या अहवालात वसतिगृह, शिष्यवृत्ती, भाषेची जादा मदत असेल तर ‘समन्यायी’च. एक पुस्तक, एक परीक्षा, एवढंच असेल तर ‘समान’ राहू द्या. ‘न्याय्य’ फार सैल आहे, घरभाडंसुद्धा न्याय्य असतं.

जुनी डीएड :
सहमत. पण पुढे कुठे ‘वैविध्यपूर्ण शिक्षकवर्ग’ लिहिलं असेल तर आधी ते खोडा. दिवाळी अंकाची जाहिरात वाचल्यासारखं वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे हीच मागणी मांडली, ती अगदी रोखठोक. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण, त्यांतले शिकवण्याचं शिक्षण घेतलेले थोडे, पगार दहा रुपयांच्या वर क्वचित, असं त्यांनी सांगितलं. शिक्षक प्रशिक्षित हवेत, आणि वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचं हत्यार हाती धरतील, खालच्या थरांतल्या लोकांत सहज मिसळतील अशा वर्गांतले हवेत, ही त्यांची मागणी. लगेच पगाराचा आकडाही दिला : किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २०. कोण, कसा तयार झालेला आणि किती पगारावर, हे तिन्ही त्यांनी एकत्र धरलं. आपल्याकडचे अहवाल पहिल्यावरच थांबतात. तुम्ही सरळ ‘विविध समाजांतले शिक्षक’ लिहा.

प्रश्नकर्ती :
मानधनावर एक प्रकरण आहे खरं. ‘शिक्षणसेवक’ तसाच ठेवू? ‘सेवक’ खटकतं.

जुनी डीएड :
ठेवा, ते नव्या शिक्षकांच्या नेमणुकीच्या योजनेचं नाव आहे, २००० सालापासूनचं. खटकतं ते योग्यच. पहिली तीन वर्षं वेतनश्रेणी नाही, ठरावीक मानधन. प्राथमिकला ते बरीच वर्षं महिना ६,००० होतं, २०२३ मध्ये १६,००० झालं. सहा हजारांत परगावी खोली करून राहणं ज्याच्या घरून पैसे येतात त्यालाच परवडायचं. बाकीच्यांसाठी प्रशिक्षण कितीही समन्यायी असलं तरी गळती इथे होते.

पाटकरी :
आणखी एक शब्द तपासा, ‘स्थानिक’. २०१४ च्या अधिसूचनेनं पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या गावांत, शिक्षकासह काही पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ठेवली. भरतीपुरता तो शब्द पुरतो. वर्गात नाही पुरत. पालघरमध्ये वारली, कोकणा, कातकरी अशा वेगवेगळ्या बोली आहेत. कागदावर स्थानिक असलेल्या शिक्षकाला पहिलीतल्या कातकरी पोराचं बोलणं कळेलच असं नाही. तिथे ‘मुलांची बोली जाणणारे’ असंच लिहावं लागेल.

प्रश्नकर्ती :
मग वाक्य असं : ‘विविध समाजांतले, मुलांची बोली जाणणारे शिक्षक घडवण्यासाठी समन्यायी प्रशिक्षण.’

जुनी डीएड :
‘घडवण्यासाठी’ काढा, ‘तयार होण्यासाठी’ करा. मडकी नाहीत ती. बाकी छापायला द्या.