जांभ्याच्या माळावर हजार झाडं लावायची म्हणतायत, जगतील का?

आजऱ्याचा_पुण्यात

गाव आजरा तालुक्यात. नाव सांगत नाही, आमच्या ग्रुपमधले दोघेतिघे इथं वाचतात. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या आम्ही पोरांनी वर्गणी काढलीय. ५ जूनला गावाच्या गायरानावर हजार रोपं लावायची असं ठरतंय. एक रोपवाटिकावाला ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी आणि साग स्वस्तात द्यायला तयार आहे. जमीन जांभ्याची, वर जेमतेम मुरूम. दिवाळीनंतर सगळ्या गावाची जनावरं तिथंच असतात. आमचे वडील एकच वाक्य बोलले, "गायरानातलं झाड कुणाचं?" आणि टीव्ही बघायला लागले. आता मलाच शंका यायला लागलीय. पैसे चांगल्या कामाला लागावेत, एवढंच. कुठली झाडं, कुठं आणि कशी?

तांबडा_पांढरा

वड लावा, पिंपळ लावा. ५ जूनचा फोटो मात्र छापून येणार बघा, गॅरंटी. 😀

भुदरगडची_काकी

बाळा, तुझ्या वडिलांनी अर्धं उत्तर दिलंय. उरलेलं मी देते.

हजार हा आकडा आधी सोड. गावात फिर आणि घरटी विचार, "तुमच्या बांधावर, परड्यात काय पाहिजे?" बायकांना विचार, कारण उन्हाळ्यात पाणी घालणार त्या आणि सरपण आणणारही त्याच. कुणी काजू म्हणेल, कुणी फणस, एखादी म्हणेल शेवगा नि कडीपत्ता बास. जे मागितलं तेच द्यायचं. मागून घेतलेलं रोप माणूस जनावराच्या तोंडातून काढून आणतो. फुकट आलेलं पिशवीसकट गोठ्याच्या भिंतीला वाळतं.

तुमच्या बाजूला काजू चांगला येतो, आजरा-चंदगडात कारखानेही आहेत, त्यामुळं बी विकायला लांब जावं लागत नाही. पण बियांची रोपं नकोत, कलमं घ्या. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जाती आपल्याकडं चालतात. सलग लावायचा तर सात-सात मीटरवर, म्हणजे एकराला साधारण ८० बसतात. जवळ लावलं की फांद्या एकमेकांत घुसतात आणि मग मोहोराला ढेकण्या ही कीड धरते. लावल्यावर दोन कामं सगळे विसरतात. कलमाच्या जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडायची आणि जोडाच्या खालून येणारा फुटवा खुडत राहायचा. नाहीतर वरचं कलम मरतं, खालचं रानटी झाड जोमात वाढतं आणि चार वर्षांनी मालक म्हणतो जातच खराब.

खड्डे मे महिन्यातच काढून उन्हात तापू देत. दोन फूट लांब, रुंद, खोल. जांभ्यात पहारीनं माणूस मेटाकुटीला येतो, वर्गणीतला पहिला पैसा या मजुरीवर घाला. आत शेणखत आणि ओढ्याकाठची माती भरायची, पण वर थोडा उंचवटा ठेवायचा, आपल्याकडच्या पावसात खड्डा भरून राहिला तर मुळं कुजतात. आणि ५ जून कशाला? मृग बरसून जमीन गार झाली की लावा. रोपाला काठी बांधायला विसरू नका, आषाढातलं वारं सोडत नाही.

भाताच्या बांधाला गिरिपुष्प लावा. जूनमध्ये फाटा रोवला तरी फुटतो, आमची गुरं त्याला तोंड लावत नाहीत (शेरडं लावतात). पुढं चिखलणीच्या आधी कोवळा पाला तोडून वाफ्यात गाडायचा, युरियाचं एखादं पोतं कमी लागतं. आमच्या सासूबाई तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, भाजायला ऐनाचा टाहाळ तोडायच्या, पार डोंगर उघडा पडेपर्यंत. आता तो ऐन बघायला मिळत नाही आमच्या बाजूला.

ऑस्ट्रेलियन बाभळीचं म्हणशील तर ती जगते, खोटं कशाला बोलू. पण तिच्याखाली गवत येत नाही आणि पाला जनावर खात नाही. गायरानावर तीच लावली तर गुरं कुठं न्यायची?

निवृत्त_वनरक्षक

काकींना दुजोरा. एक भर. बांधावर साग, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन लावणार असाल तर शेतकऱ्याला आधीच सांगा की ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या रानातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वीस वर्षांनी पोरीच्या लग्नाला साग विकायचा बेत असतो आणि मग कागदांसाठी हेलपाटे. खासगी जमिनीतल्या बांबूला २०१७ पासून भारतीय वन कायद्यात झाड धरत नाहीत, त्यामुळं माणगा किंवा मेस जातीचा बांबू सोपा पडतो. फक्त जंगलाच्या कडेला गवे कोवळे कोंब खातात. आणि हत्तीचा वावर असेल तिथं फणस, केळी लावताना दहा वेळा विचार करा.

ऊसवाला_कागल

बांधावर झाड म्हणजे शेजाऱ्याशी कोर्टात भेट. सावलीतला ऊस काडीसारखा होतो. हे सगळं डोंगराकडच्या लोकांना ठीक आहे.

भुदरगडची_काकी

@ऊसवाला_कागल दादा, उसाच्या रानात मीही मोठं झाड लावा म्हणणार नाही. पण दिशा बघून लावलं तर भांडण कमी होतं. हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते. म्हणून उत्तरेच्या बांधावर झाड लावलं की सावली शेजाऱ्याच्या रानात, आणि शिव्या तुम्हाला. तिथं रस्ता किंवा ओढा असेल तरच लावा. नसेल तर विहिरीजवळ, खोपीजवळ, पाणंदीच्या कडेला जागा असतेच की.

आणि बाळा, पैशाचं राहिलं. सगळे एकदम खर्चू नका. फुंडकर फळबाग योजनेत सरकारसुद्धा अनुदान तीन वर्षांत देतं, ५०, ३० आणि २० टक्के, आणि तेही झाडं जगली तर. तुम्हीही तसंच करा. होळीच्या आधी माळाला जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत साफ केलेला पट्टा, काढायची मजुरी बाजूला ठेवा. गवत चांगलं फुटावं म्हणून कुणीतरी काडी लावतंच, त्याला नाव ठेवून उपयोग नाही, पट्टा काढलेला असला की झालं.

आजऱ्याचा_पुण्यात

धन्यवाद सगळ्यांना. ग्रुपवर काकींचा मजकूर टाकला, दोघं रागावून बाहेर पडले, त्यांनी बॅनरची ऑर्डर आधीच दिली होती. उरलेल्यांचं ठरलंय की मे महिन्यात गावी जाऊन घरोघर यादी करायची, गायरानाला हात लावायचा नाही. आईनं यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलंय, चार काजू आणि एक रामफळ. काकी, कलमं खात्रीची कुठून घ्यावी? वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आणायची तर आधी नोंदणी करावी लागते का?

भुदरगडची_काकी

मागणी आधी नोंदव, ऐन पावसात गेलास तर मोकळ्या हातानं येशील. टेम्पोत ताडपत्री बांधून आण, आंबोली घाटातल्या वाऱ्यानं कोवळी पानं फाटतात. आणि रामफळाला आईला सांग, परसात मोरीच्या पाण्यावर लावा.

तांबडा_पांढरा

वडाचं माझं मत मागे. काकी, आम्हाला परड्यात लिंबू लावायचंय, कागदी घेऊ का?