मदत हवी आहे: ऑनलाइन गायनवर्गात संगणकावरील तानपुरा आणि तबला विद्यार्थ्यांपर्यंत नीट पोहोचत नाही

नमस्कार.

मी पुण्यात शास्त्रीय गायन शिकवते. माझे पाच विद्यार्थी न्यू जर्सीत असून त्यांचा वर्ग दर शनिवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे शुक्रवारी रात्री नऊला, गूगल मीटवर भरतो. घरी मिरजेची तंबोऱ्याची जोडी आहे. परंतु तंबोरा छेडत, पडद्यावर बंदिशीचे नोटेशन दाखवत आणि पाच जणांचे गाणे ऐकत शिकवणे मला जमत नाही, म्हणून या वर्गापुरता संगणकावरचा तानपुरा आणि तबल्याचा ठेका वापरते.

संगणक विंडोज ११ वर चालतो. कंडेन्सर माइक आणि वायरचा हेडफोन हे दोन्ही एकाच यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जोडलेले आहेत. तानपुरा-तबल्याचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत नाही, तो स्वतंत्र प्रोग्राम आहे, आणि माझी बरीचशी अडचण तिथूनच सुरू होते.

सुरुवातीला मी तानपुरा स्पीकरवर लावून माइकला तो खोलीतूनच पकडू देत असे. विद्यार्थ्यांना तो पहिले काही क्षण ऐकू येई आणि मग विरून जाई. मला उमगलेले कारण असे, की मीटमधील गोंगाट कमी करणारी सोय पंख्याच्या घरघरीसारखा अखंड चालणारा आवाज काढून टाकते, आणि तानपुऱ्याचा नाद तर अखंडच असतो. ती सोय सेटिंग्जमधून बंद केल्यावर तानपुरा टिकू लागला, परंतु खोलीचा घुमारा मिसळून जवारी, म्हणजे तारांचा झंकार, पार बोथट झाली. पुरिया राग शिकवताना तानपुऱ्याची पहिली तार निषादाला (नी) लावलेली असते. नेमका तो निषादच कानावर येत नसेल, तर विद्यार्थ्याने सूर कशाच्या आधाराने लावावा?

नंतर क्रोममधला टॅब त्याच्या आवाजासह शेअर करून पाहिला. तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण त्या मार्गाने स्वच्छ पोहोचते. परंतु मग शेअरिंग त्या टॅबला बांधले जाते, नोटेशन दाखवता येत नाही, आणि काळी चार या सुरावरून काळी एक वर जायचे तर दुसरे ध्वनिमुद्रण शोधावे लागते.

शेवटी व्हीबी-केबल ही आभासी वायर बसवली. तानपुऱ्याच्या प्रोग्रामचे आउटपुट केबलला दिले आणि मीटमध्ये माइक म्हणून केबलचे दुसरे टोक निवडले. तानपुरा उत्तम गेला, माझा आवाज मात्र गेलाच नाही. म्हणून माइकच्या गुणधर्मांतील ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ चालू करून तोही केबलमध्ये सोडला, तेव्हा माझा आवाज मागे पडू लागला. तानपुऱ्याला त्याने बाध येत नाही. परंतु तीनतालात मी समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) आले तरी विद्यार्थ्यांना सम होऊन गेल्यावर माझा स्वर ऐकू येतो. एकदा संगणकाचे संपूर्ण आउटपुट केबलला दिले, तर विद्यार्थ्यांना स्वतःचेच आवाज परत ऐकू येऊ लागले.

इंटरनेटच्या विलंबामुळे दोन्ही टोकांनी एकत्र गाता येत नाही, याची मला कल्पना आहे आणि माझा प्रश्न तो नाही. माझा गळा आणि ठेका एकमेकांना धरून जावेत, आणि विद्यार्थ्यांचा आवाज त्यांच्याकडे परत जाऊ नये, यासाठी जोडणी कशी करावी? झूमवर हे अधिक सोपे होईल का?

प्रतिसाद

आपली दिशा बरोबर आहे; केबलच्या जागी आवाज एकत्र करणारा मिक्सर हवा. व्हॉइसमीटर बनाना हा मिक्सर प्रोग्राम वापरून पाहावा, कारण त्यात दोन आभासी इनपुट आहेत आणि आपल्याला दोन्हींची गरज आहे. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रोग्रामनिहाय आउटपुट निवडता येते. तिथे तानपुऱ्याला पहिले आभासी इनपुट द्या आणि क्रोमला दुसरे. मग मिक्सरमध्ये तानपुऱ्याच्या पट्टीवर (त्या इनपुटच्या उभ्या रकान्यात) ए१ आणि बी१ दोन्ही बटणे चालू ठेवा, माइकच्या पट्टीवर केवळ बी१, आणि क्रोमच्या पट्टीवर केवळ ए१. ए१ म्हणजे आपला हेडफोन. बी१ हा मीटमध्ये माइक म्हणून निवडायचा. क्रोमची पट्टी बी१ ला जोडलेली नसल्यामुळे विद्यार्थ्यांचा आवाज परत जाण्याचा मार्गच उरत नाही.

ए१ साठी इंटरफेसचा एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर निवडा, माइकही सेटिंग्जमधून त्याच ड्रायव्हरमार्फत घ्या आणि बफर, म्हणजे एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या ध्वनिनमुन्यांचा गठ्ठा, २५६ ठेवून पाहा. सगळीकडे ४८,००० हर्ट्झ (सेकंदाला तितके ध्वनिनमुने) हाच दर ठेवावा. कुठे ४४,१०० राहिला तर आवाज तडतडण्याचा संभव असतो. या दराने २५६ नमुन्यांचा एक बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद, सहा फुटांवर बसलेल्या तबलजीचा ठेका कानी यायला लागतो साधारण तितकाच वेळ. जाताना-येताना असे काही बफर लागतात, तरी सम हुकल्यासारखी वाटू नये. मीटमधील गोंगाट कमी करणारी सोय मात्र बंदच राहू द्या.

झूममध्ये पडदा न दाखवता केवळ संगणकाचा आवाज पाठवता येतो, आणि संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे. नुसत्या तानपुऱ्यासाठी तो मार्ग पुरेसा आहे. ठेक्यासह गायचे असेल, तर गळा आणि तबला एकाच मिक्सरमधून गेलेले बरे.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे जोडणी करून काल वर्ग घेतला. तानपुरा तासभर अखंड राहिला, आणि आपला निषाद तारेपेक्षा किंचित चढा लागतो आहे, हे एका विद्यार्थिनीने स्वतः ओळखून सांगितले. २५६ वर आवाज मधूनमधून तुटत होता, म्हणून बफर ५१२ केला. त्यावर मध्यलय निर्दोष गेली. द्रुत लयीत स्वर अजून किंचित मागे वाटतो. इंटरफेसचा ड्रायव्हर अद्ययावत करून पुढच्या शनिवारी पुन्हा २५६ वर प्रयत्न करीन आणि काय झाले ते इथेच लिहीन.